स्वीडनचं पाटीनाणं: घेण्याआधी बादली, घेतल्यावर बरणी

तांब्याची पाटी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दानपत्राचा ताम्रपट येतो. स्वीडनचं ‘प्लोटमिंट’ मात्र बाजारात चालणारं नाणं होतं. फालूनच्या खाणीतलं तांबं, अवेस्ताची टांकसाळ, आणि चांदीच्या डालरएवढ्या (डालर म्हणजे तिथलं त्या काळचं चलन) किमतीचं तांबं प्रत्यक्ष पाटीत. १६४४ ची पहिली १० डालरची पाटी १९.७ किलोची होती. संग्रहाची सुरुवात तिच्यापासून करू नका. १८व्या शतकातली १ किंवा २ डालरची घ्या.

१. वजन करा. या काळातली १ डालरची पाटी साधारण ७५६ ग्रॅम, २ डालरची दीड किलो, ४ डालरची तीन किलो. थोडा फरक चालतो.

२. शिक्के बघा. मधल्या शिक्क्यात किंमत, चारही कोपऱ्यांत राजाच्या नावाच्या आद्याक्षरांचं, वर मुकुट असलेलं चिन्ह आणि साल. पाचही ठोके वेगवेगळे मारलेले, म्हणून प्रत्येकाचा कल थोडा निराळा असतो. दोन पाट्यांवर पाचही शिक्के अगदी सारख्याच कोनात दिसले, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेल्या आहेत.

३. बादलीची परीक्षा. पाण्याची बादली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. पाटी नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे तिचे घनसेंटिमीटर. कोरडं वजन त्या आकड्याने भागा. उत्तर ८.९ च्या (तांब्याच्या घनतेच्या) आसपास यायला हवं. दीड किलोच्या पाटीला काटा सुमारे १७० दाखवतो. ८.५ च्या खाली आलं तर आधी चिकटलेले बुडबुडे झटका, कारण त्यांच्यामुळे काट्यावरचा आकडा फुगतो आणि उत्तर घटतं. तरीही तेच आलं तर ओतीव किंवा पितळी माल समजा.

४. जमिनीवरची की समुद्रातली? इथेच पैसे बुडतात. ‘निकोबार’ नावाचं डॅनिश जहाज १७८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटलं. ते तमिळनाडूतल्या तरंगंबाडीकडे (ट्रांकेबार) निघालं होतं. तिथे या पाट्या तांबं म्हणूनच विकल्या जाणार होत्या. १९८७ मध्ये त्या सापडल्या, आणि आज बाजारात दिसणारा बराच माल याच जहाजावरचा. समुद्रातली पाटी घ्यायला हरकत नाही, पण तिची किंमत जमिनीवरच्या पाटीएवढी देऊ नका. कडा कुरतडलेल्या, पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा, वजन कमी: ही ओळख सोपी आहे. खरी भानगड तांब्यात मुरलेल्या मिठाची. मिठातल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की आम्ल तयार होतं, ते तांबं खातं, आणि क्लोराइड संपत नाही, पुन्हा कामाला लागतं. गर्द, गुळगुळीत, घट्ट हिरवा थर निरुपद्रवी असतो. फिकट पोपटी, टूथपिकने भुकटी होऊन पडणारे ठिपके दिसले तर सावध व्हा: हाच तांब्याचा ‘रोग’.

ठिपके दिसले नाहीत म्हणूनही निर्धास्त राहू नका. विक्रेता हो म्हणाला तर पाटी झाकणाच्या डब्यात ओल्या कापसाच्या शेजारी, त्याला न चिकटवता, दोन दिवस ठेवा. नवे पोपटी फोड उठले तर रोग जिवंत आहे. पैसे देण्याआधीच हे करा.

उपाय आहे, पण महिने लागतात: डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणं आणि दर आठवड्याला पाणी बदलणं. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि दुधाळ झालं, तर मीठ अजून निघतंय. नळाचं पाणी वापरू नका, त्यातही क्लोराइड असतं. (बादलीच्या परीक्षेला चालतं, पण लगेच धुऊन पुसा.) बेन्झोट्रायाझोल हे गंजरोधक रसायन विषारी आहे, ते संवर्धकावर सोडा. रोग जिवंत असताना वरून लॅकर मारणं म्हणजे चोराला घरात कोंडून कुलूप लावणं.

आणि चिंच-मीठ तर मुळीच नाही. बंब-घागर लखलखते ती त्याने, पण इथे चिंच शतकांचा थर काढेल आणि मीठ नेमकं तेच क्लोराइड भरेल.

५. ठेवणं. हवाबंद बरणी किंवा डबा, सिलिका जेल, ४० टक्क्यांखाली आर्द्रता. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये बाहेर ८० च्या वर असते, म्हणून जेलचा रंग बदलला की ते लगेच बदला. पीव्हीसीची पाकिटं नकोत. डबा आडवा ठेवा. फळीवर उभी ठेवलेली चार डालरची पाटी पडली तर पायाचं बोट जातं.