पेटीवरची चाल पाच रेघांवर उतरवताना

१९५० च्या सुमाराला मुंबईच्या चित्रपटसंगीतात कामाची वाटणी साधी होती. चाल संगीतकाराची, ती वाद्यवृंदासाठी लिहून काढायची अरेंजरने. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही गोव्याची मंडळी याच कामातली. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचणारे बरेच वादक गोव्याचे, आणि चाल बांधणारे बहुतेक पेटीवाले. त्या रीतीने आज गाणं करायचं तर पहिल्या बैठकीत पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते, पक्की करा.

पट्टी मुखड्यावरून ठरवू नका, अख्खा अंतरा गाऊन घ्या. आवाज ताणला जातो तो तिथे. ऐन रेकॉर्डिंगला पट्टी बदलली की सगळे पार्ट (एकेका वाद्यासाठी लिहिलेली पानं) नव्याने लिहावे लागतात. समजा काळी एक ठरली, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी; तिलाच सी शार्प किंवा डी फ्लॅट म्हणतात. व्हायोलिनला डी फ्लॅटमध्ये लिहा, पाच फ्लॅट (सूर अर्ध्याने उतरवणाऱ्या खुणा) येतील. सी शार्प लिहिलंत तर सात शार्प (चढवणाऱ्या खुणा), आणि वाचणारा हमखास अडखळतो. काही वाद्यांतून लिहिलेल्यापेक्षा वेगळा सूर निघतो, त्यांचा पार्ट वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो: बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचा ई फ्लॅटमध्ये, आल्टो सॅक्सोफोनचा बी फ्लॅटमध्ये. प्रत्येक पानावर वाद्याचं नाव ठळक हवं. क्लॅरिनेटचं पान सॅक्सोफोनवाल्यापुढे गेलं की काय ऐकू येतं ते विचारूच नका.

मग वेळेचा हिशोब. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आठ मात्रांच्या केरव्याचं आवर्तन ४ सेकंदांचं. सुरुवातीचं म्युझिक (नुसत्या वाद्यांचा भाग) ४ आवर्तनं, मुखडा ८. पुढे हा क्रम दोनदा: म्युझिक ४, अंतरा ८, मुखडा ४. एकूण ४४ आवर्तनं, २ मिनिटं ५६ सेकंद. मधली दोन्ही म्युझिक दुप्पट केलीत की ३:२८ होतात, म्हणजे कात्री आलीच.

चाल उतरवताना गाणारा श्वास कुठे घेतो तिथे खूण करा. फिलर, म्हणजे वाद्यांचे छोटे तुकडे, तिथेच भरायचे, शब्दांवर नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, कागदावर पूर्ण उतरत नाही. स्लर (सूर जोडणारी कमान) द्या आणि संगीतकाराला ती जागा व्हायोलिनवाल्यांसमोर गायला सांगा.

खरी कुरबुर होते ती हार्मनीवर, म्हणजे चालीसोबत वाजणाऱ्या इतर सुरांवर. भूप रागातली चाल असेल तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. सवयीने म-ध-सा किंवा प-नी-रे कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन सूर) टाकलात की राग गेला, आणि संगीतकाराचं बिनसणं रास्तच आहे. भूपाच्या स्वरांत असे साधे कॉर्ड पूर्ण बसतात ते दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. तेवढ्यावर भागत नसेल तर व्हायोलिन दोन सप्तकांत एकच ओळ वाजवू देत, ऐकायला भरदार लागतं.

सगळं एकाच ट्रॅकवर घेणार असाल तर तोल माइकपासून किती लांब उभं राहायचं त्यावरच साधायचा: गायक माइकपाशी, त्यामागे व्हायोलिन, ट्रम्पेट सगळ्यात मागे. शेवटच्या ओळीत एकजण जरी चुकला तरी टेक पहिल्यापासून. म्हणून अवघड पीस आधी वेगळे वाजवून घ्या, गायकाला शेवटी बोलवा.