फुटेज आहे, पण उघडत नाही: घरच्या कॅमेऱ्यांचे फॉरमॅट समजून घेताना

कॅमेरे बसवून देणं हा माझा धंदा. लोक मला दोनदा बोलावतात. एकदा कॅमेरे लावायला, आणि मग काहीतरी घडून गेल्यावर, पेनड्राइव्हवर घेतलेली क्लिप उघडत नाही म्हणून. दुसऱ्या खेपेला बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो, रेकॉर्डिंगही नीट झालेलं असतं. घोडं अडतं ते फाइलपाशी.

म्हणून कोणी विचारलं की कोणता फॉरमॅट ठेवू, तर मी उलटं विचारतो: हे फुटेज शेवटी कोण बघणार आणि कशावर? शेजाऱ्याचा चार वर्षं जुना फोन? की विमा कंपनीतल्या माणसाचा कॉम्प्युटर, ज्यावर त्याला स्वतःहून काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसते? तिथे जे उघडेल ते कामाचं. सगळी सेटिंग तिथून मागे मागे येत ठरवायची.

आधी एक गोंधळ निस्तरू. फाइलच्या नावाला शेवटी लागलेलं एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आतला पदार्थ म्हणजे कोडेक, म्हणजे चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवलंय ते. घरगुती कॅमेऱ्यांत आज मुख्यतः दोनच कोडेक भेटतात. एच.२६४ हा २००३चा, आणि तो न चालणारं उपकरण शोधूनही सापडणार नाही. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३चा. त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतो, पण त्याला उलगडायला उपकरणात ताकद लागते आणि परवानाही. पेटंटवाल्यांचे एकाहून जास्त गट असल्यामुळे ब्राउझर आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी बरीच वर्षं त्याच्यापासून अंग चोरलं. क्रोममध्ये तो २०२२पासून चालतो, तेही कॉम्प्युटरच्या हार्डवेअरचा आधार असेल तर. विंडोजमध्ये अनेकदा त्यासाठीचं एक्स्टेन्शन वेगळं घालावं लागतं.

म्हणजे एकाच नावाच्या दोन एमपी४ फाइली असतात, एक चालते, दुसरी चालत नाही, आणि दोन्हींत बिघाड काहीच नसतो.

लक्षणावरून निदान

क्लिप फोनवर घेतली. खालची वेळेची पट्टी पुढे सरकतेय, आवाज येतोय, पण चित्र काळं. असं दिसलं की डबा ठीक आहे, आतला कोडेक त्या फोनला झेपत नाहीये असं समजा. दहातल्या नऊ वेळा एच.२६५ निघतो. खात्री करायची तर क्लिप कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा आणि टूल्स मेनूत ‘कोडेक इन्फर्मेशन’ बघा. तिथे व्हिडिओच्या पहिल्याच ओळीत कोडेकचं नाव येतं. त्याखाली रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती फ्रेम हेही असतं. ही चौकट एकदा बघायची सवय लागली की निम्मे फोन तुम्हाला करावेच लागत नाहीत.

दुसरं लक्षण: प्लेअर फाइल ओळखतच नाही. हा डब्याचा प्रश्न. दाहुआ या कॅमेरा कंपनीच्या आणि त्याच पद्धतीने चालणाऱ्या रेकॉर्डरमधून डीएव्ही नावाची फाइल निघते. आत साधं एच.२६४ किंवा एच.२६५च असतं, बांधणी मात्र त्यांची स्वतःची. काही रेकॉर्डर नाव एमपी४ देतात आणि आतली बांधणी वेगळीच ठेवतात, म्हणून ती एका प्लेअरमध्ये चालते आणि दुसऱ्यात तोंड फिरवते. नाव बदलून, म्हणजे डीएव्ही खोडून तिथे एमपी४ लिहून काही होत नाही. लोक ते हमखास करून बघतात.

तिसरं लक्षण सर्वांत फसवं. क्लिप चालते, पण त्यातली माणसं लगबगीने पळतायत. ही बहुधा नुसती एच२६४ किंवा २६४ असं शेपूट असलेली, डब्याविना आलेली कच्ची फाइल. तिच्यात कोणती फ्रेम कोणत्या क्षणाची ही नोंदच नसते. प्लेअर आपल्या मनाने सेकंदाला २५ फ्रेम धरतो. रेकॉर्डिंग १२ फ्रेमचं असेल तर फाटकातून शांतपणे चालत गेलेला माणूस धावत सुटल्यासारखा दिसतो. कोपऱ्यातल्या तारीख-वेळेच्या सेकंदांकडे बघा: घड्याळातला एक सेकंद खरोखर एक सेकंद घेतोय का? वाहनाच्या वेगावरून वाद चालू असेल तर हे आधी तपासल्याशिवाय तोंड उघडू नये.

आवाजाचं वेगळंच त्रांगडं. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज जी.७११ पद्धतीने साठतो. ही मूळची टेलिफोनसाठीची पद्धत, आणि एमपी४ डब्याशी तिचं जमत नाही. चित्र येतं, आवाज गायब. कॅमेऱ्याच्या ऑडिओ मेनूत एएसी हा पर्याय असेल तर तो लावून ठेवा. जुन्या क्लिप एमकेव्हीत घेतल्या तर आवाजासकट चालतात.

दुरुस्ती: डबा बदला, की पदार्थ पुन्हा करा

फक्त डबा अडत असेल तर आतल्या चित्राला हात न लावता डबा बदलता येतो. एफएफएमपेग नावाचं मोफत साधन ‘कॉपी’ पर्याय देऊन वापरलं की तासाभराची क्लिप काही क्षणांत एमपी४मध्ये येते आणि दर्जा तसूभरही घटत नाही. काळी खिडकी आणि टाइप केलेल्या आज्ञा नको वाटत असतील तर रेकॉर्डरच्या कंपनीचा प्लेअर वापरा. त्यात बहुतेकदा रूपांतराचं बटण असतं.

कोडेकच अडत असेल तर मात्र नव्याने एन्कोड करावं लागतं. हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल घाला, एच.२६४ निवडा, थांबा. वेळ लागतो आणि थोडं चित्र झिजतं. ही प्रत दाखवण्यापुरती. मूळ फाइल जशीच्या तशी, नावासकट, वेगळी ठेवायची, कारण पुढे कोणी विचारलं तर त्यांना हवी असते ती मूळ फाइल. स्क्रीनसमोर फोन धरून केलेलं शूटिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला ठीक आहे. गाडीचा नंबर त्यात कधीच वाचता येत नाही, आणि नंतर माझ्याकडे ‘हे जरा क्लिअर करून द्या’ म्हणून तेच येतं.

एक्सपोर्ट करतानाचीही एक अडचण सांगून ठेवतो. पेनड्राइव्ह लावला आणि रेकॉर्डरला तो दिसतच नाही, तर तो बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो. फॅट३२ करा. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून लांब क्लिप तुकड्यांत येते; तो दोष नव्हे. आणि रेकॉर्डरची हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडू नका. तिची मांडणी वेगळी असते, विंडोज ती ओळखत नाही आणि ‘फॉरमॅट करायची का?’ विचारतो. घाबरलेला माणूस त्या वेळी ‘हो’ दाबतो.

कोडेक निवडायचा कसा

आधी जागेचा हिशोब. कॅमेऱ्याचा बिटरेट ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर आठ बिटांचा एक बाइट या हिशोबाने सेकंदाला अर्धा एमबी, तासाला १.८ जीबी, दिवसाला ४३.२ जीबी. असे ४ कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे १७३ जीबी. २ टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवस बसतात, मग जुनं पुसून नवं चढतं. तेच एच.२६५वर २ एमबीपीएसने ठेवलं तर २३ दिवस. गावाला जाऊन आल्यावर दोन आठवड्यांपूर्वीचं काही बघायची वेळ येते तेव्हा हा फरक कळतो.

माझं मत असं: मेन स्ट्रीम एच.२६५ ठेवायला हरकत नाही, पण सब स्ट्रीम नेहमी एच.२६४. बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह देतात, मोठा (मेन) रेकॉर्डिंगसाठी आणि छोटा (सब) मोबाइल-ब्राउझरवर लाइव्ह बघण्यासाठी. छोटा एच.२६४ असला की लाइव्हची निम्मी गाऱ्हाणी संपतात. घरात सगळी उपकरणं जुनी असतील किंवा क्लिप वारंवार दुसऱ्यांना द्यावी लागत असेल, तर मेन स्ट्रीमही एच.२६४ ठेवा आणि मोठी डिस्क घ्या. डिस्कला पैसे पडतात, पण आणीबाणीला क्लिप उघडते.

‘प्लस’ किंवा ‘स्मार्ट’ नावाने येणारे कोडेक, एच.२६५ प्लस वगैरे, हे प्रमाण नव्हे. कंपन्यांनी वर चढवलेली आपापली करामत. पूर्ण फ्रेम क्वचितच साठवायची आणि मधे फक्त बदल नोंदवायचे, अशी त्यांची काटकसर असते. रिकाम्या गच्चीवर ती उत्तम. फाटकावर मात्र मी ती बंद ठेवतो: क्लिप मधूनच कापली की पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चित्र फरपटल्यासारखं दिसतं, आणि दुसऱ्या कंपनीचा रेकॉर्डर अडखळतो तो वेगळाच. साधा कोडेक, सेकंदाला २५ फ्रेम आणि आय-फ्रेम इंटरव्हल ५०, म्हणजे दर दोन सेकंदांना एक पूर्ण फ्रेम. फाटकाला एवढं पुरतं.

हे बदलायचं कुठे, यावरही बरेच जण अडकतात. रेकॉर्डर दोन प्रकारचे. डीव्हीआरमध्ये कॅमेऱ्याकडून नुसता सिग्नल येतो आणि दाबायचं काम रेकॉर्डर करतो, तेव्हा सेटिंग रेकॉर्डरमध्ये. एनव्हीआरमध्ये कॅमेरा स्वतःच दाबून पाठवतो आणि रेकॉर्डर आलेलं जसंच्या तसं साठवतो. जुन्या एनव्हीआरला एच.२६५ कळत नसेल तर कॅमेरा जोडलेला दिसतो पण चित्र येत नाही. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन एच.२६४ करा, चित्र येतं.

नवीन कॅमेरा जुन्या रेकॉर्डरला

कोॲक्स केबलवाल्या कॅमेऱ्यांत टीव्हीआय, सीव्हीआय, एएचडी आणि जुना सीव्हीबीएस असे प्रकार आहेत. सगळ्यांचा बीएनसी कनेक्टर एकच, त्यामुळे जोडला तर जातो, चित्र मात्र येईलच असं नाही. हे चार आणि आयपी असे पाचही प्रकार घेणारा रेकॉर्डर असेल तर निर्धास्त. नसेल तर कॅमेऱ्याच्या वायरवर लोंबणारी बारीक जॉयस्टिक बघा. ती एका दिशेला काही सेकंद दाबून धरली की बऱ्याच कॅमेऱ्यांत सिग्नलचा प्रकार बदलतो. पाल (५० हर्ट्झची) आणि एनटीएससी (६० हर्ट्झची) या व्हिडिओच्या दोन पद्धतीही तिथेच गोंधळ घालतात: ५० हर्ट्झ विजेच्या ठिकाणी ६० हर्ट्झची सेटिंग राहिली तर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लपलपतं.

आणि ‘१०८० लाइट’ किंवा ‘१०८० एन’ लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा. ते १९२० बाय १०८० नसून ९६० बाय १०८० असतं. आडवी माहिती निम्मी. चेहरा मोठा करून बघायला गेलात की कळतं.

आयपी, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या कॅमेऱ्यांत दुकानदार म्हणतो, ‘ऑनव्हिफ आहे, कशालाही चालेल.’ ऑनव्हिफ ही वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली सुरू केलेली जुळवणी. पण प्रोफाइल कोणता ते विचारा. ‘एस’ म्हणजे मूळ व्हिडिओ प्रवाह; एच.२६५ ऑनव्हिफमधून नीट हवा असेल तर ‘टी’ बघा; ‘जी’ हा प्रोफाइल रेकॉर्डिंगसाठी. चित्र जुळलं तरी माणूस-गाडी ओळखण्यासारखी खास सोय दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर येईलच असं धरून चालू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा युजर-पासवर्डही वेगळा बनवावा लागतो. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी जुळत नाही’ याचं कारण अनेकदा तेच. ऑनव्हिफ नसेल तर आरटीएसपी या थेट व्हिडिओ प्रवाह मागवण्याच्या पद्धतीचा पत्ता देऊन, ५५४ पोर्टवरून, जोडता येतं का बघा. बॅटरीवाले कॅमेरे बहुतेक वेळा यात बसत नाहीत. ते झोपलेले असतात, सतत प्रवाह देत नाहीत.

रेकॉर्डरवर ‘८ चॅनल’ लिहिलंय म्हणून ८ मोठे कॅमेरे लावू नका. येणाऱ्या बँडविड्थची मर्यादा बघा. ८ कॅमेरे प्रत्येकी ८ एमबीपीएस म्हणजे ६४, आणि डबीवर ४० लिहिलं असेल तर पाचाच्या पुढचे कॅमेरे येणारच नाहीत.

जुन्या रेकॉर्डरचं वेबपान आजच्या ब्राउझरमध्ये नुसतं पांढरं दिसतं, कारण त्याला प्लगइन हवं असतं आणि ते चालवणारा इंटरनेट एक्स्प्लोरर जून २०२२मध्ये निवृत्त झाला. त्याच्या मागे लागू नका, कंपनीचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप वापरा.

आता करायचं एवढंच. आजच दोन मिनिटांच्या दोन क्लिप एक्सपोर्ट करा, एक दिवसाची, एक रात्रीची. घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर लावा, मग अशा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर लावा ज्याच्याकडे व्हीएलसी नाही. आवाज ऐका, कोपऱ्यातलं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून बघा. मागे-पुढे असेल तर वेळ इंटरनेटवरून आपोआप घ्यायची एनटीपी सेटिंग चालू करा. चित्र काळं आलं तर मेन स्ट्रीम एच.२६४वर आणा. फाइल उघडलीच नाही तर एक्सपोर्टच्या पानावर फॉरमॅट निवडायची जागा शोधा, तिथे एमपी४ करा आणि नवी क्लिप काढून त्याच दोन ठिकाणी पुन्हा लावून बघा.