एकच पाय सुजलाय? गुठळी शोधताना या चुका टाळा

पावसाळ्यात शेतातल्या चिखलातून आलेला रुग्ण, एक पाय सुजलेला, पोटरी लालसर. बोटांच्या बेचक्यात चिखल्या दिसल्या की ‘सेल्युलायटिस’ (त्वचेखालचा जंतुसंसर्ग) लिहून अँटिबायोटिक सुरू होते आणि पोटरीला टेप लागतच नाही. खोल शिरेतली गुठळी, म्हणजे डीव्हीटी, निसटते ती इथे.

टेप नीट लावा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचा उंचवटा हाताला लागतो; तिथून १० सेंमी खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करून घेर मोजा. नुसत्या नजरेच्या अंदाजाने मोजलेला आकडा कुचकामी. फरक किमान ३ सेंमी असेल तर वेल्स स्कोअरमध्ये, म्हणजे डीव्हीटीची शक्यता मोजणाऱ्या गुणपद्धतीत, एक गुण. कॅन्सर, पायाला प्लास्टर, ३ दिवस अंथरुणाला खिळणे किंवा १२ आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया, आधीची डीव्हीटी यांचाही प्रत्येकी एक. दुसरे निदान तितकेच पटत असेल तर दोन वजा. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का हे बघण्यात वेळ घालवू नका. त्यावरून काहीच ठरत नाही.

एक किंवा कमी गुण असतील तर आधी डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या अंशाची तपासणी); दोन किंवा जास्त असतील तर थेट डॉपलर (शिरांची सोनोग्राफी). उलटे केले की घोळ होतो. बाळंतपण, ऑपरेशन, जंतुसंसर्ग, सगळ्यांत डी-डायमर वाढते, त्यामुळे नुसते पॉझिटिव्ह म्हणजे गुठळी नव्हे. गरोदर बाईला तर थेट डॉपलरच.

रिपोर्टवरचे एकक वाचा. डी-डायमर दोन एककांत येते: एफईयूमध्ये (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलेंट युनिट) मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली, डीडीयूमध्ये (डी-डायमर युनिट) साधारण २५०. डीडीयूतले ३०० हे ‘५००च्या आत’ म्हणून सोडले तर रुग्ण गेला घरी! पन्नाशीनंतर एफईयूची मर्यादा वय गुणिले १०: ७२ वर्षांच्या आजीला ७२०.

डॉपलरमध्ये प्रोबने दाबल्यावर शीर चपटी होते का, हे महत्त्वाचे. ‘डीव्हीटी नाही’ एवढेच वाचू नका. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत पाहिले की पोटरीतही, ते बघा. स्कॅन निर्दोष पण डी-डायमर वाढलेले, तर ६ ते ८ दिवसांनी पुन्हा स्कॅन.

गोव्यात काणकोण-सत्तरी तालुक्यांकडे रविवारी रात्री डॉपलर मिळेलच असे नाही. ४ तासांत होणार नसेल तर डी-डायमरचे रक्त आधी काढा, रक्तस्रावाचा धोका तपासून रक्त पातळ करणारे औषध सुरू करा आणि २४ तासांत स्कॅन. तोवर तेल-मालिश नको. धाप लागली, छातीत दुखले तर स्कॅनची वाट न बघता १०८ रुग्णवाहिका बोलवून गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा.