इस्रायलच्या हाय-टेक कंपनीत अरब अभियंत्यांना कसे सामावून घ्यावे

इस्रायलच्या लोकसंख्येत अरब नागरिकांचे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. हैफाच्या टेक्निऑनमध्ये, म्हणजे देशातील आघाडीच्या अभियांत्रिकी विद्यापीठात, अरब विद्यार्थी आज साधारण एक पंचमांश आहेत. इथवर हिशेब जुळतो. हाय-टेक कंपन्यांच्या दारात मात्र तो बिघडतो, कारण तेथील कर्मचाऱ्यांमध्ये अरबांचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली आहे. ही गळती नेमकी कुठे होते हे आधी पाहिले नाही, तर चांगल्या हेतूने आखलेली योजनाही भलत्याच जागी पैसा खर्च करते. माझ्या मते सर्वांत मोठी गळती पदवी आणि पहिली नोकरी यांच्या मधल्या काळात होते, आणि ती रोखणे बहुतांशी कंपनीच्याच हातात असते. म्हणून पुढील सूचना प्रामुख्याने भरतीचे काम पाहणाऱ्यांसाठी आणि टीम सांभाळणाऱ्या व्यवस्थापकांसाठी आहेत.

सुरुवात जाहिरातीपासून करू नका. आपल्या कंपनीत अलीकडे रुजू झालेल्या वीस जणांची यादी काढा आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कोणाच्या ओळखीने आला ते लिहा. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक नावांपुढे एखाद्या सहकाऱ्याचे नाव येईल, आणि त्या ओळखीचा माग काढत गेलात तर तो बऱ्याचदा लष्करापर्यंत पोहोचेल. ज्यू तरुण-तरुणींना लष्करी सेवा सक्तीची आहे. अरब मुस्लिम आणि ख्रिस्ती तरुणांना ती नाही, तर द्रूझ या अरबी भाषक धार्मिक समुदायातील पुरुषांना १९५६ पासून आहे. ८२०० सारख्या तांत्रिक गुप्तवार्ता तुकडीत एकत्र काम केलेली मुले पुढे एकत्र कंपनी काढतात आणि जागा निघाली की आपल्या जुन्या सोबत्यांनाच आधी विचारतात. यात कोणी कोणाला मुद्दाम वगळतो असे नाही. ओळखीतून ओळख वाढते, आणि ज्याला ओळखच नाही त्याचा बायोडेटा टेबलापर्यंत पोहोचत नाही. अशा परिस्थितीत जाहिरातीच्या तळाशी ‘आम्ही समान संधी देतो’ अशी ओळ छापून काहीही साधत नाही.

उपाय ओळखीची पद्धत बंद करण्यात नाही, कारण ती बंद होणार नाही. तिच्या शेजारी दुसरी वाट काढावी लागते. २००८ मध्ये स्थापन झालेली आणि नाझरेथ या उत्तरेकडील अरबबहुल शहरात काम करणारी त्सोफेन ही संस्था अरब पदवीधरांना प्रत्यक्ष उद्योगात लागणारी कौशल्ये आणि मुलाखतीची तयारी शिकवते. अशा संस्थेशी वर्षभराचा संबंध ठेवा. वर्षातून एकदा मेळाव्यात टेबल मांडून पेन वाटण्याने तो संबंध तयार होत नाही. आपल्या अभियंत्यांना तेथे शिकवायला पाठवा, म्हणजे विद्यार्थ्यांना कंपनी कळते आणि अभियंत्यांना विद्यार्थी कळतात. पुढे जे पहिले दोन-तीन अरब कर्मचारी येतील त्यांच्याकडून शिफारशी मागा आणि त्यांना इतरांइतकाच शिफारस-बोनस द्या. त्यांच्या वर्गमित्रांपर्यंत कोणतीही भरती एजन्सी इतक्या सहज पोहोचणार नाही.

आता बायोडेटा वाचण्याकडे वळू. समजा दोन कागद समोर आहेत. एक सत्तावीस वर्षांच्या ज्यू उमेदवाराचा आहे. त्यात सुमारे तीन वर्षांची लष्करी सेवा, तेथील तांत्रिक काम, मग थोडी भटकंती, त्यानंतर पदवी आणि शिकता शिकता केलेली अर्धवेळ नोकरी, असे सगळे आहे. दुसरा बावीस वर्षांच्या अरब उमेदवाराचा आहे. शाळा संपताच विद्यापीठ, चार वर्षांत पदवी, चांगले गुण, आणि कागदाच्या खालचा अर्धा भाग कोरा. वाचणारा नकळत पहिल्याला परिपक्व ठरवतो आणि दुसऱ्याला कच्चा. खरे तर त्या दोघांत पाच वर्षांच्या वयाचे अंतर आहे, कुवतीचे नाही. यासाठी छाननी करणाऱ्याला स्पष्ट सांगा की पदवीनंतर किती काळ गेला हे पाहा, जन्मानंतर किती काळ गेला हे नव्हे. अरब विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून पगारी इंटर्नशिप ठेवणे हा तो कोरा भाग भरण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. एकच काम करायला पैसे असतील तर मी तेच करीन. फ्रेशरच्या जागा कमी झालेल्या काळात तर त्याला पर्याय नाही.

जाहिरातीतही एक गोष्ट तपासा. ‘लष्करी सेवा पूर्ण केलेला’ अशी अट कामाशी संबंध नसताना घातली असेल तर ती काढा. १९८८ च्या समान रोजगारसंधी कायद्यानुसार धर्म किंवा राष्ट्रीयत्वाच्या आधारे भेदभाव करता येत नाही, आणि उमेदवाराचे लष्करी वैद्यकीय वर्गीकरण, ज्याला तेथे ‘प्रोफाइल’ म्हणतात, ते मागण्यासही मनाई आहे. संरक्षण प्रकल्पांत सुरक्षा मंजुरीचा प्रश्न खरा असतो. पण मोबाइलवर जाहिराती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो लागू नाही, आणि सवयीने घातलेली अट अशा कितीतरी ठिकाणी तशीच पडून असते.

मुलाखतीच्या खोलीत सर्वाधिक नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होते. वातावरण मोकळे व्हावे म्हणून मुलाखत घेणारा सहज विचारतो, “तुम्ही सेवा कुठे केलीत?” समोरचा म्हणतो, “मी केली नाही.” त्यानंतर जी शांतता पसरते ती पुढचा तासभर खोलीतून जात नाही. हा प्रश्न विचारू नका. त्याऐवजी उमेदवाराच्या एखाद्या प्रकल्पापासून सुरुवात करा. भाषेचेही भान ठेवा. अरब विद्यार्थी अरबी माध्यमाच्या शाळेत शिकलेला असतो, हिब्रू ही त्याची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी, आणि कार्यालयातली हिब्रू तर लष्करी आद्याक्षरांनी भरलेली असते. तांत्रिक प्रश्न लेखी द्या, उत्तर हिब्रूत द्यायचे की इंग्रजीत हे त्याला ठरवू द्या, आणि सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. स्वतःची तारीफ स्वतः करणे अनेकांना शिष्टाचाराला सोडून वाटते, त्यामुळे उत्तर ‘आम्ही केले’ असे येते. त्यावरून याने काहीच केले नाही असा निष्कर्ष काढण्याऐवजी “यातला कोणता भाग तुमच्या हातचा?” असे विचारा. बहुतेक वेळा पुढची दहा मिनिटे तुम्हाला ऐकतच राहावे लागेल.

यानंतरचा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो नकाशावर दिसतो त्याहून अवघड आहे. कंपन्या तेल अवीव, हर्झलिया, रआनाना या पट्ट्यात दाटलेल्या आहेत, तर अरब वस्ती गालील प्रदेशात, उम्म अल-फहमपासून कफर कासिमपर्यंतच्या ‘त्रिकोण’ भागात आणि दक्षिणेला नेगेव वाळवंटात राहतच्या परिसरात आहे. नाझरेथ ते तेल अवीव सुमारे शंभर किलोमीटर आहे, आणि सकाळच्या गर्दीत त्याचे दोन तास सहज होतात. तेल अवीवला बिऱ्हाड हलवावे म्हटले तर भाडे परवडत नाही आणि अरब नाव ऐकून घरमालक माघार घेतो अशी तक्रारही नवी नाही. मुलांसाठी अरबी शाळा मिळणे आणखी कठीण. लहान मुले असलेल्या स्त्री अभियंत्यांसाठी तर नोकरी मिळूनही ती टिकेल की नाही हे या प्रवासावरच ठरते. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस मुख्य कार्यालयात यावे लागेल अशी व्यवस्था करा, किंवा हैफा आणि योकनेआम येथील कार्यालयांत जागा द्या, जी नाझरेथहून रोज जाण्या-येण्याच्या टप्प्यात आहेत.

नाझरेथमध्येच शाखा काढणे हा मोठा निर्णय आहे, पण तो अव्यवहार्य नाही. मेंदूशस्त्रक्रियेत इलेक्ट्रोड अचूक जागी नेण्यासाठी लागणारी उपकरणे बनवणारी अल्फा ओमेगा ही कंपनी इमाद आणि रीम यूनिस या टेक्निऑनच्या पदवीधर दांपत्याने १९९३ मध्ये तेथेच सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमडॉक्स यांनीही त्या शहरात विकासकेंद्रे काढली. एक खबरदारी मात्र घ्या. शाखेकडे फक्त चाचणीचे आणि जुन्या कोडच्या देखभालीचे काम सोपवले, तर दोन वर्षांत चांगली माणसे निघून जातात आणि ‘तिथे माणसे टिकत नाहीत’ असा उलटा निष्कर्ष काढला जातो. एखादे उत्पादन पूर्णपणे त्या शाखेच्या मालकीचे असू द्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षाकडे कंपन्या सर्वांत कमी लक्ष देतात. टीममध्ये एकच अरब सहकारी असेल तर तो निव्वळ अभियंता राहत नाही. प्रत्येक बातमीनंतर त्याच्याकडे साऱ्या समाजाचा प्रवक्ता म्हणून पाहिले जाते. शक्य तेथे दोघा-तिघांना एकदम घ्या. रमजान ईद आणि बकरी ईद टीमच्या कॅलेंडरवर आधीच लिहा, आणि त्या दिवसांत उत्पादनाची नवी आवृत्ती काढू नका. १९५१ च्या कामाचे तास व विश्रांती कायद्याने बिगर-ज्यू कर्मचाऱ्याला शुक्रवार, शनिवार किंवा रविवार यांपैकी साप्ताहिक सुटीचा दिवस निवडता येतो. तेथे रविवार हा एरवी कामाचा दिवस असतो, म्हणून ख्रिस्ती कर्मचाऱ्याला हे कंपनीने आपणहून सांगावे, त्याने मागण्याची वाट पाहू नये. युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी देशभर भोंगा वाजतो आणि सगळे कार्यालय उभे राहते, तेव्हा शेजारी बसलेल्या अरब सहकाऱ्याच्या मनात काय चालले असेल हे व्यवस्थापकाला माहीत असायला हवे. त्यावर चर्चा घडवून आणण्याची मात्र गरज नाही. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि गाझातील युद्ध यांनंतर समाजमाध्यमांवरील मजकुरावरून नोकऱ्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. याबाबतचे नियम शांततेच्या काळात, सर्वांसाठी सारखे आणि लेखी ठरवा. तणावाच्या आठवड्यात केलेला नियम कोणालाही न्याय्य वाटत नाही.

विद्यापीठाच्याही आधी एक निवड घरात होते. अरब कुटुंबांचा ओढा दीर्घकाळ वैद्यक, औषधनिर्माण आणि वकिली यांकडे राहिला आहे, आणि त्यामागे शुद्ध व्यवहार आहे: परवाना हातात असला की कोणाच्या ओळखीवर अवलंबून राहावे लागत नाही. हैफात जन्मलेले जॉनी स्रूजी अ‍ॅपलच्या चिपविभागाचे प्रमुख झाले, नाझरेथचे होसाम हाइक यांनी २०१४ मध्ये नॅनोतंत्रज्ञानाचा ऑनलाइन अभ्यासक्रम अरबीतूनही शिकवला. ही उदाहरणे जरूर सांगा, पण पालकांना त्याहून अधिक पटते ती गल्लीतल्या मुलीची पगारपावती. कंपनी पाहायला विद्यार्थ्यांसोबत पालकांनाही बोलवा.

सरकारी पातळीवर डिसेंबर २०१५ च्या ९२२ क्रमांकाच्या ठरावाने अरब समाजाच्या विकासासाठी पाच वर्षांत १५ अब्ज शेकेलपर्यंत (शेकेल हे इस्रायलचे चलन) तरतूद ठरवली, आणि ऑक्टोबर २०२१ च्या ५५० क्रमांकाच्या ठरावाने २०२२ ते २०२६ साठी सुमारे ३० अब्ज. शाळेतील वरच्या पातळीचे गणित आणि इंग्रजी सुधारणे हे या पैशाचे काम आहे, आणि त्याचे फळ दहा वर्षांनी दिसते. ‘आधी शाळा सुधारू द्या’ हे कारण कंपनीने पुढे करू नये. आज पदवी घेऊन बसलेल्यांना त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी मोजमाप. कोणाला धर्म विचारू नका. अर्ज कोणत्या मार्गाने आला एवढेच नोंदवा, म्हणजे ओळखीने, विद्यापीठातून, त्सोफेनसारख्या संस्थेतून की इंटर्नशिपमधून. मग प्रत्येक मार्गाने आलेल्या किती जणांना मुलाखतीस बोलावले, किती जणांना नोकरी मिळाली आणि दोन वर्षांनी किती जण टिकले, हे वेगवेगळे पाहा. बोलावण्याच्या टप्प्यावर आकडा कोसळत असेल तर बायोडेटा वाचण्याची पद्धत बदला, मुलाखतीनंतर कोसळत असेल तर मुलाखत घेणारे बदला, आणि दुसऱ्या वर्षी कोसळत असेल तर त्या माणसांना दिलेल्या कामाची यादी मागवून घ्या.