अडचणीच्या दिवसांसाठी घरातला साठा

१९७२ चा दुष्काळ सोसलेल्या सोलापुरातल्या अनेक घरांत वर्षाची ज्वारी भरून ठेवण्याची रीत आजही टिकून आहे. ज्यांना तेवढी भरणे जमत नाही, त्यांनी चौघांच्या कुटुंबासाठी निदान महिन्याची, म्हणजे साधारण २५ किलो मालदांडी ज्वारी आणि ५ किलो तूरडाळ घरात ठेवावी. ज्वारी कडक उन्हात वाळवून, सावलीत पूर्ण निवल्यावरच कोठीत भरावी, कारण गरम धान्य झाकले की आत वाफ धरते आणि त्या ओलाव्याने बुरशी येते. डाळीला एरंडेलाचा हात चोळावा. गॅस संपला तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर, माझ्या मते, दोन दिवस सहज निभतात, म्हणून त्यांचाही एक डबा भरलेला असावा. नवे धान्य जुन्यावर कधीही ओतू नये.