नाइट ड्यूटीवर या चुका टाळा: आधी पेशंट, मग चार्ट

टीपीआर चार्टमधला, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीतला, श्वासाचा रकाना वरून खाली वाचा. 18, 18, 20, 18. अख्खा वॉर्ड एकाच तालात श्वास घेत नसतो. तो आकडा न मोजता लिहिलेला असतो. विचार न करता काम उरकायची सवय मला वाटतं इथूनच लागते. पेशंट ढासळायला लागला की बऱ्याचदा श्वास आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. ब्रिटनमधल्या 'न्यूज 2' गुणपद्धतीत (गुण जितके जास्त, तितका पेशंटला धोका जास्त) श्वास मिनिटाला 25 किंवा त्याहून जास्त असला, तर तेवढ्यावरच 3 गुण मिळतात. म्हणून पूर्ण मिनिट मोजा. हात मनगटावर ठेवा, नजर छातीवर. मोजताय हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असतील तर सगळ्यांचा मोजून होणार नाही, हे मला माहीत आहे. निदान आजच ऑपरेशन झालेले, तापाचे आणि ऑक्सिजनवरचे सोडू नका.

दुसरी चूक म्हणजे सुचलेलं पहिलंच कारण धरून बसणं. शिकाऊ असताना मी एका आजोबांची बडबड 'वयामुळे' म्हणून हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना, सांगितली. पुढच्या पाळीच्या सिस्टरांनी त्यांचा घामेजलेला शर्ट पाहून साखर तपासली. 48 निघाली, म्हणजे खूपच कमी. तो आकडा मी विसरलेले नाही. डायबेटिसचा पेशंट असंबद्ध बोलू लागला की आधी ग्लुकोमीटर आणा. तो बीटा ब्लॉकरवर (बीपी, हृदयासाठी दिली जाणारी औषधं) असेल तर धडधड, थरथर जाणवणारही नाही. घाम मात्र येतो.

युरोबॅगचंही, म्हणजे लघवी जमा होणाऱ्या पिशवीचंही, तसंच. 50 किलोच्या माणसाला तासाला साधारण 25 मिली तरी लघवी व्हायला हवी. बॅग रिकामी दिसली की सलाईन वाढवायचा विचार करण्याआधी नळी मांडीखाली दबली आहे का, ओटीपोट फुगलंय का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर नाडी, बीपी, ड्रेसिंग, ड्रेन (ऑपरेशनच्या जागेतून रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) तपासा, कारण आत रक्तस्राव सुरू असू शकतो.

ऑक्सिमीटर कमी दाखवतो तेव्हा नेलपॉलिश, गार बोटं जरूर तपासा. पण चांगला आकडा येईपर्यंत बोटं बदलत राहू नका.

आणि डॉक्टरांना फोनवर नुसतं 'पेशंटला बरं वाटत नाहीये' म्हणू नका. 'सर, काल ऑपरेशन झालेला पेशंट, दोन तासांत श्वास 18 वरून 28 वर गेलाय, बीपी 96/60 आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा,' असं सांगा. फोन केल्याची वेळ नोट्समध्ये लिहा. पंधरा मिनिटांत कोणी आलं नाही, तर पुन्हा लावा.