सगळ्यांची नावं सारखीच असलेली कादंबरी कशी वाचायची

'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' मी दोनदा अर्धवट सोडलीये, दोन्ही वेळा शंभराव्या पानाच्या आसपास, आणि दोन्ही वेळा कारण एकच, अरे हा नक्की कोणता औरेलिआनो? तिसऱ्यांदा पार पडली ती एका दोनशे पानी वहीच्या जिवावर. कुणी अडकलं असेल तर माझी पद्धत सांगतो.

आधी थोडी माहिती. गाब्रिएल गार्सिया मार्केझ या कोलंबियन लेखकाची ही स्पॅनिश कादंबरी १९६७ साली आली, ग्रेगरी रबासाचं इंग्रजी भाषांतर १९७० चं, मी तेच वाचलं. गाव माकोंदो, घराणं बुएन्दिआ, पिढ्या सात. प्रकरणांना नंबरसुद्धा नाहीत त्यामुळे कुठवर आलो ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

बऱ्याच प्रतींमध्ये सुरुवातीला वंशावळ छापलेली असते, ती बघू नका. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाला पोरं झाली सगळं तिथेच फुटतं. आपली आपण काढायची, वहीच्या मधल्या जोडपानावर, आणि पेनने अजिबात नाही कारण या घरातली निम्मी नाती मागाहून उघड होतात आणि सारखं खोडावं लागतं.

नावांचं खरं तर आपल्याला एवढं वाटायला नको, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आपल्याकडेही आहेच की. माझ्या आजोळी मामेभावाला आजोबांचंच नाव ठेवलेलं, आणि आजी नवऱ्याचं नाव घेणार कशी, म्हणून ती त्याला जन्मभर 'बाळ्या' म्हणत राहिली, आता पन्नाशीला आलाय तरी बाळ्याच. तेच करायचं, प्रत्येकाला टोपणनाव द्यायचं. माझ्या वहीत एक 'गोंदणवाला' आहे (अंगभर गोंदवून घरी परत येतो तो), एक 'मासेवाला कर्नल', एक 'लॉटरीवाला'. शिवाय घरातली म्हातारी उर्सुला एक सूत्र देते ते पहिल्या पानावर लिहून ठेवा, औरेलिआनो म्हणजे घुमा पण डोक्याने तल्लख, होसे आर्कादिओ म्हणजे धडाकेबाज आणि नशिबाने फुटका. फक्त जुळ्या भावांपाशी हे सूत्र उलटं पडतं, ते लहानपणी एकमेकांची नावं घेऊन सगळ्यांना गंडवायचे आणि त्यात अदलाबदल कायमचीच झाली की काय अशी उर्सुलालाच शंका आहे.

आता मुख्य काम. वहीच्या मागच्या बाजूने दोन रकाने आखा, एकात 'परत काय झालं' आणि दुसऱ्यात 'यावेळी वेगळं काय'. 'याचा अर्थ काय' असा रकाना मी आधी ठेवला होता, तो चाळीस पानांत रडला, कारण प्रत्येक गोष्ट कशाचं तरी प्रतीक वाटायला लागते आणि पिवळी फुलपाखरं दिसली की आपण लगेच पेन उचलतो. दुसरा रकाना मात्र चालतो.

उदाहरण द्यायचं तर मासेवाला कर्नलच घ्या. ३२ उठाव केले, ३२ हरला, मग घरी बसून सोन्याचे छोटे मासे घडवायला लागला. मासे विकायचे, बदल्यात सोन्याची नाणी यायची, नाणी वितळवून पुन्हा मासे. पुढे तो विकणंच बंद करतो, तरी रोज दोन मासे घडवतो आणि पंचवीस झाले की वितळवून पुन्हा पहिल्यापासून. मासा तोच, हात तेच, पण आधी निदान गिऱ्हाईक तरी होतं, आता तेही नाही! हे दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिहिलं तेव्हा मला त्या माणसाचं काय झालंय ते पहिल्यांदा कळलं, नुसतं वाचताना म्हाताऱ्याचा चाळा वाटला होता. कर्नलची बहीण अमारांताही तशीच, बटणं शिवते, उसवते, परत शिवते. उर्सुलाला वाटतं की काळ गोल फिरतोय. पण पिलार तेर्नेरा म्हणून एक पत्ते बघून भविष्य सांगणारी बाई आहे, ती म्हणते चाक फिरतंय खरं पण आस झिजत चाललाय. मला पिलार जास्त पटली. म्हणजे दुसऱ्या रकान्यात आपण शोधायची ती ही झीज.

केळीच्या मळ्यातल्या संपाचा भाग आला की मात्र वही बाजूला ठेवून थोडा इतिहास वाचा. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातल्या सिएनागा गावी युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीच्या संपकऱ्यांवर लष्कराने खरंच गोळीबार केला होता. कादंबरीत हे पाहिलेला एक माणूस सांगत फिरतो आणि गावात कोणी विश्वासच ठेवत नाही, मग चार वर्षं अकरा महिने दोन दिवस पाऊस पडतो. आता मागे जाऊन निद्रानाशाच्या साथीचं प्रकरण परत वाचा, तिथे लोक सगळं विसरायला लागतात म्हणून गायीच्या गळ्यात पाटी अडकवतात, ही गाय, हिचं रोज दूध काढायचं. विसरणं दोन्हीकडे आहे, पण पहिल्यांदा निदान पाट्या तरी लावल्या होत्या.

शेवटचं प्रकरण एका बैठकीत संपवा, फोन दुसऱ्या खोलीत. तिथे मेल्कियादेस नावाच्या जिप्सीने लिहून ठेवलेल्या जुन्या हस्तलिखितांचा उलगडा होतो आणि ती चक्क संस्कृतमध्ये आहेत! मी रात्री एक वाजता उठून बायकोला हे सांगायला गेलो होतो, ती म्हणाली झोप आता.